आरोपी क्रमांक दोन

टेपचं एक टोक झुलालनं पिकअपच्या पुढच्या फळीवर अंगठ्यानं दाबून धरलं आणि दुसरं टोक घेऊन मृणाली हौद्यातून वाकत वाकत मागच्या झडपेपर्यंत आली. आठ फूट दोन इंच. रुंदी साडेपाचला थोडी कमी. तिनं आकडे फॉर्ममध्ये भरले आणि उंचीसाठी टेप उभी धरली. चोपड्याच्या बसस्टँडबाहेर, रसाच्या गाड्याजवळ उभे असलेले तीन-चार जण हे सगळं निवांतपणे पाहत होते.

"काय ताई, गाडी विकत घेता का?" त्यातल्या एकानं विचारलं.

"सरकारी मोजमाप शे," झुलालनं परस्पर सांगून टाकलं. तो पंचेचाळिशीचा, अंगानं बारका, गळ्यात रुमाल. टेप सोडताना तो मृणालीला म्हणाला, "बरोबर आलं ना? मागं पोलिसांनी मोजली तेव्हा आठ फूट भरली होती. दोन इंच कुठून वाढले?"

"त्यांनी झडपेकडची फट सोडून मोजली असेल. किती जनावरं बसतात हिच्यात?"

"दोन."

"आणि बसवता किती?"

"दोनच. तीन वर्षं झाली, दोनच." त्यानं रुमालानं मान पुसली. "बाकीचे सहा-सहा भरतात. त्यांच्याकडे गर्दी, मी इथे उभा."

मृणालीनं ते लिहून घेतलं. समोरचा काय बोलतो त्यावर मान हलवायची नाही, हा तिचा नियम होता. मान हलली की माणूस आपल्याला आवडेल असं बोलायला लागतो, हे ती दहा वर्षांच्या कामात शिकली होती. चेहरा सपाट ठेवायचा, लिहायचं, पुढचा प्रश्न विचारायचा. बरोबरची मुलं तिला पाठीमागे 'कोरा कागद' म्हणत, हे तिला माहीत होतं आणि त्यात तिला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

जनावरांच्या वाहतुकीचे नियम कागदावर येऊन बरीच वर्षं झाली होती. ते रस्त्यावर कितपत उतरले हे तपासण्याचं काम एका अभ्यासगटाकडे आलं होतं आणि जळगाव-धुळे हे दोन जिल्हे मृणाली सपकाळेच्या वाट्याला. ती राहायला जळगावातच, पिंप्राळ्यात, त्यामुळे गटप्रमुख विक्रम सरांनी फार विचार न करता तिचं नाव टाकलं. निकाल लागलेली पंधरा प्रकरणं चिठ्ठ्या टाकून निवडायची, प्रत्येकातल्या आरोपींना आणि साक्षीदारांना भेटायचं, आणि शेवटी एका चौकटीत खूण करायची: अंमलबजावणी यशस्वी किंवा अयशस्वी. चौदा झाली होती. हे पंधरावं.

कागदोपत्री ते सगळ्यांत चोख होतं. तीन वर्षांपूर्वी पारोळ्याच्या बाजारातून निघालेल्या एका पिकअपमध्ये सहा बैल कोंबलेले होते. अज्ञात इसमानं फोन करून कळवलं. अर्ध्या तासात गाडी अडवली गेली. चार बैलांचा मालक, कुणी व्यापारी, सापडला नाही. चालक झुलाल आरोपी क्रमांक एक. त्यानं गुन्हा कबूल केला, दंड भरला, गाडी पाच महिने जप्त राहिली. गाडीत बसलेला कुवरसिंग पावरा, सातपुड्याच्या पायथ्याचा शेतकरी, आरोपी क्रमांक दोन. तो चौदा महिन्यांनी निर्दोष सुटला. सहाही बैल शिंदखेड्याकडच्या एका निवारा केंद्रात नेले, कारण जवळपास कुठे जागा नव्हती. माहिती, कारवाई, सुटका, शिक्षा. विक्रम सर म्हणाले होते, हे प्रकरण अहवालात नमुना म्हणून देता येईल.

झुलालची मुलाखत रसाच्या गाड्यावरच्या बाकावर पाऊण तासात झाली. कुवरसिंगच्या गावाला, जामपाण्याला, जायचं कसं असं तिनं विचारल्यावर तो म्हणाला, बस फाट्यापर्यंतच जाते, पुढं चार किलोमीटर पायी. मग म्हणाला, "मी सोडतो. मला तिकडून तुरीची पोती आणायचीच आहेत."

"मुलाखतीच्या वेळी तुम्हाला तिथं थांबता येणार नाही."

"मी गाडीत बसेन, ताई. मला काय करायचं ऐकून?"

रस्ता केळीच्या बागांमधून निघाला आणि हळूहळू चढू लागला. बागा संपल्या, मग कापसाच्या काळ्या पडलेल्या पळाट्या, मग नुसते दगड आणि साग. झुलाल गाडी सावकाश हाकत होता. वाटेत दोन ठिकाणी माणसांनी हात केला, त्यानं दोघांना मागे घेतलं. एका म्हातारीच्या मांडीवर कोंबडी होती. फाट्यावर ती उतरली तेव्हा झुलाल खाली उतरून तिचा हात धरून पलीकडे सोडून आला.

कुवरसिंगचं घर वस्तीच्या टोकाला होतं. कुडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, समोर सारवलेलं अंगण. अंगणाच्या कडेला बाभळीखाली एक पांढरा बैल बांधलेला होता आणि त्याच्या शेजारी एक खुंटा रिकामा होता. गाडीचा आवाज ऐकून कुवरसिंग बाहेर आला. उंच, वाकलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस.

"या बाई, बसा. झुलाल, तू बी ये ना मझार."

"नको भाऊ, मी अठेच बससू," झुलाल गाडीतूनच म्हणाला आणि त्यानं सीट मागे रेलली.

घरात गारवा होता. कुवरसिंगची बायको सुगंधाबाई दाराशी उजेडाला बसून सुपात तूर पाखडत होती. तिनं हात न थांबवता पाहुणीकडे पाहिलं, मग उठून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि परत सुपाशी जाऊन बसली. मृणालीनं फॉर्म मांडीवर घेतला. तिच्या आईचं माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे इकडची बोली तिला कळत होती. स्वतः मात्र ती कामाच्या वेळी पुस्तकातली भाषा बोलायची.

"बैल कुठून घेतले होते?"

"पारोळाना बाजारमाईन. जोडी. एक पांढरा, एक तांबडा."

"गाडीत चढवले तेव्हा किती होते?"

"मना दोनच. मंग रस्तामा एक व्यापारीनी गाडी थांबाडी. चार अजून चढाडात."

"तुम्ही काही बोललात?"

"बोलनू. झुलालले सांगं, जागा नही शे. तो बोलना, थोडंसंच लांब शे, भाऊ." कुवरसिंगनं जमिनीवरचा एक तुरीचा दाणा उचलला आणि बोटांत फिरवत राहिला. "तांबडा खाले पडना. त्याले उठाले जागा नही. बाकीना त्याना आंगवर."

मृणाली लिहीत होती. खटला किती तारखा चालला, कोर्टात कितीदा जावं लागलं, बैल परत मिळण्याचा आदेश कधी निघाला. तो सावकाश उत्तरं देत होता. तांबडा शिंदखेड्याला आठव्या दिवशी मेला, पाय मोडला होता. पांढरा चौदा महिन्यांनी घरी आला. आला तेव्हा तो अंगानं भरलेला होता, पण मानेवर जू ठेवू देईना. त्याला पुन्हा शेतात चालायला शिकवण्यात एक आख्खा पावसाळा गेला. दरम्यान दोन वर्षं कुवरसिंगनं आणि त्याच्या मुलानं, बादलनं, अर्धी जमीन कुदळीनं केली आणि अर्धी पडीक ठेवली. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही.

"या कायद्याची माहिती तुम्हाला आधी होती का? कुठून मिळाली?"

"पावतीवरथून."

तो उठला, फळीवरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून बैलांच्या खरेदीची पावती तिच्यापुढे धरली. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं: जनावरांचे हाल होताना दिसल्यास या क्रमांकावर कळवा. घडीवर शाई उडाल्यामुळे क्रमांकाचे शेवटचे आकडे दिसत नव्हते. मृणाली पावती उजेडाकडे धरून ते वाचायचा प्रयत्न करू लागली. तिला फॉर्ममध्ये क्रमांक लिहायचा होता.

कुवरसिंगनं पावतीकडे न पाहता दहाच्या दहा आकडे सांगितले.

तिनं ते लिहिले. मग पेन तसंच धरून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला वाचता येतं?"

"नही. आकडा तेवढा समजतस."

"मग हा नंबर पाठ कसा?"

सुपाचा आवाज थांबला. कुवरसिंग हातातल्या दाण्याकडे पाहत राहिला.

"सांगी दे आते," सुगंधाबाई म्हणाली. "तीन वरीस व्हयनात."

त्यानं उघड्या दारातून बाहेर पाहिलं. पिकअप बाभळीच्या पलीकडे उभी होती. झुलालचा एक पाय दारातून बाहेर लोंबत होता; तो बहुतेक झोपला होता.

"मीच करा व्हता तो फोन," कुवरसिंग हळू आवाजात म्हणाला.

मृणालीची मान हलली. हलल्यावर तिला ते कळलं.

तो सांगत गेला. व्यापाऱ्यानं चार बैल चढवल्यावर गाडी निघाली. पुढे बसलेल्या कुवरसिंगला मागून खुरांचा आणि फळीवर काहीतरी आदळण्याचा आवाज येत होता. तांबडा पडला तेव्हा त्यानं गाडी थांबवायला सांगितलं, पण मागे व्यापाऱ्याचा माणूस बसला होता, तो म्हणाला, चल चल. एका हॉटेलवर चहाला थांबले. कुवरसिंगनं मागे जाऊन फटीतून पाहिलं. तांबड्याचा एक डोळा त्याला दिसला, दुसऱ्या बैलाच्या पायांमधून. तो हॉटेलच्या मागे गेला. पावती खिशात होती. त्यानं एकेक आकडा जुळवून फोन लावला, पलीकडच्या बाईला रस्ता सांगितला, गाडीचा रंग सांगितला. तिनं नाव विचारलं तेव्हा फोन बंद केला.

त्याला वाटलं होतं, कुणीतरी येईल, व्यापाऱ्याचे चार बैल उतरवेल, आणि आपण आपली जोडी घेऊन घरी जाऊ.

पोलीस आले. व्यापाऱ्याचा माणूस उसातून पळाला. पोलिसांनी सहाही बैल मोजले आणि गाडीत मिळालेल्या दोन माणसांची नावं लिहून घेतली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत, की फोन तुम्हीच केला?"

"झुलाल बाजूलेच उभा व्हता."

"आणि नंतर? कोर्टात?"

"कोर्टमा बी आम्ही एकच बाकवर बसूत. तो त्याना डबामाईन माले भाकर दे." त्यानं दाणा मुठीत धरला. "मना मुळे त्यानी गाडी पाच महिना उभी व्हती, बाई. अन् मी त्यानी भाकर खाऊ."

सुगंधाबाई पदरानं हात पुसत आत येऊन बसली. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट तिनं सांगितली. सून रोशनी अडली होती, नाल्याला पाणी, चोपड्याहून कुठलीच गाडी यायला तयार नाही. झुलाल आला. नाल्याच्या पलीकडे गाडी लावून, पाण्यातून चालत वस्तीत आला आणि बादलबरोबर खाट उचलून रोशनीला पलीकडे नेलं. नातू आता सहा महिन्यांचा होता. आईबरोबर शिरपूरला, मामाकडे गेला होता.

मृणालीनं फॉर्म उलटा करून मांडीवर ठेवला. पुढचं ती ज्या आवाजात बोलली तो तिचा नेहमीचा नव्हता. तिनं समजावून सांगितलं, की हे फार महत्त्वाचं आहे. ज्यानं कळवलं त्यालाच आरोपी केलं, त्याचाच बैल मेला, आणि सरकारी कागदावर हे प्रकरण उत्तम झालं असं लिहिलंय. असं पुन्हा होऊ नये म्हणून अहवालात शिफारस करता येईल. गाडीतल्याच माणसानं कळवलं तर त्याला साक्षीदार धरावं, त्याचं जनावर लगेच त्याच्या ताब्यात द्यावं. पण नुसतं म्हणून चालत नाही. त्याला आधार म्हणून एक खरं प्रकरण दाखवावं लागतं.

"मनं नाव येई?" कुवरसिंगनं विचारलं.

"नाव येणार नाही. खटल्याचा क्रमांक येईल."

"क्रमांक वरथून नाव भेटस ना?"

ती नाही म्हणू शकली असती. अहवाल कोण वाचतं, आणि वाचून खटल्याचे कागद कोण काढतं? पण कोर्टाच्या कागदावर दोनच नावं होती, आणि झुलालच्या भावकीतला एक जण तिथंच वकिलाकडे कारकून होता, हे झुलालनंच सकाळी सांगितलं होतं.

"भेटतं," ती म्हणाली.

"मंग नको."

"दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून तरी..."

"नको, बाई." त्यानं हात जोडले नाहीत, विनवणीही केली नाही. दाणा दाराबाहेर कोंबड्यांकडे टाकला. "तुमले सांगी दिधं, मना पोटमाईन गयं. लिखू नका."

एकच प्रश्न उरला होता. तो सगळ्यांना विचारायचाच होता. असे हाल पुन्हा दिसले तर तुम्ही कळवाल का?

कुवरसिंगनं पावतीची घडी घालून ती पिशवीत ठेवली. बाहेर पांढरा बैल उठून उभा राहिला, दावणीत फिरला आणि पुन्हा बसला. सुगंधाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"याना फोनमा नंबर अजून शे," शेवटी तीच म्हणाली. "मी सांगं काढी टाक. काढस नही."

मृणालीनं त्या प्रश्नापुढे लिहिलं: उत्तर दिले नाही.

परतताना पोती मागे होती आणि पुढे दोघंच. फाट्यापर्यंत झुलाल खड्डे चुकवत राहिला. डांबरी लागल्यावर त्यानं आरसा सारखा केला आणि म्हणाला, "भाऊनं सांगितलं ना तुम्हाला?"

"काय?"

"फोनचं."

मृणालीनं समोरच्या काचेतून नजर हलवली नाही. "मी एकाचं दुसऱ्याला सांगत नाही."

"मी कुठं विचारतोय? मी सांगतोय." त्यानं गाडीचा वेग आणखी कमी केला. "तो हॉटेलमागं गेला आणि परत आला, तेव्हा त्याचा चहा तसाच होता. साय धरली होती. कुवरसिंगभाऊ चहा टाकणारा माणूस नाही. मी विचारलं, काय झालं? म्हणे, काही नाही. आणि पोलीस आले तर आम्ही सगळे घाबरून उभे, हा सरळ मागं चढला आणि तांबड्याची दोरी सोडायला लागला. जसं काही त्यांचीच वाट बघत होता."

"मग तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?"

"तेव्हा? तेव्हा बोललो असतो तर हातच उचलला असता." तो हसला, पण आवाज न करता. "पाच महिने मी घरी बसून होतो, ताई. रोज ठरवायचो, आज जामपाण्याला जातो आणि विचारतो. कोर्टात तारीख असली की डब्यात दोन भाकरी जास्त घ्यायचो. वाटायचं, खाता खाता हा आपण होऊन सांगेल. नाही सांगितलं."

समोरून उसाची ट्रॉली आली. त्यानं गाडी कडेला घेऊन तिला जाऊ दिलं.

"मग गाडी सुटली. धुवायला घेतली. फळीच्या सांध्यात काहीतरी अडकलं होतं, ओढलं तर निघेना. पक्कडीनं काढलं. शिंगाचा तुकडा होता, तांबड्याचा." त्यानं गिअर बदलला. मग तो म्हणाला, "दंडानं काही झालं नव्हतं मला. दंड भरून मी पुन्हा सहा भरणार होतो. पाच महिन्यांची वसुली नको करायला?"

"आता त्यांना का नाही सांगत, की तुम्हाला माहीत आहे?"

झुलालनं तिच्याकडे असं पाहिलं, की हे शिकल्या-सवरल्या बाईला कळू नये याचं त्याला नवल वाटलं असावं.

"सांगितलं तर तो माझ्या गाडीत बसेल का पुन्हा? लाजेनं दुसऱ्याची गाडी करेल. पुढच्या महिन्यात त्याला पांढऱ्याला जोड आणायची आहे पारोळ्याहून. दुसऱ्याच्या गाडीत ती नीट येईल, याचा काही भरवसा?"

चोपड्याच्या स्टँडवर त्यानं तिला उतरवलं. जळगावच्या गाडीला वीस मिनिटं होती. ती सिमेंटच्या बाकावर बसली, फॉर्म बाहेर काढला आणि पहिल्यापासून वाचला. फॉर्म पूर्ण होता. वर उजव्या कोपऱ्यात खटल्याचा क्रमांक तिच्याच अक्षरात होता.

तिनं विक्रम सरांना फोन लावला.

"झालं का पंधरावं?" ते म्हणाले. मागे प्रिंटरचा आवाज येत होता. "यशस्वी ना?"

"सर, एक शिफारस सुचवायची आहे."

तिनं सांगितली. माहिती देणारा स्वतःच त्या गाडीत असेल तर त्याला आरोपी करू नये. त्याचं जनावर त्याच्या ताब्यात द्यावं. सर ऐकत राहिले. प्रिंटर थांबला.

"हे चांगलं आहे," ते म्हणाले. "हे फार चांगलं आहे, मृणाली. कुणाच्याच लक्षात आलं नाही हे. आधार काय?"

"एका क्षेत्रभेटीत आढळलं."

"कुठल्या? क्रमांक दे, मी आत्ताच घालतो. उद्या मसुदा जायचाय."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई शेंगा सोलून टरफलं पदरात जमा करत होती. स्टँडच्या फाटकापाशी झुलाल कुणाशी तरी बोलत होता. त्या माणसाच्या हातात तीन म्हशींचे दोर होते. झुलालनं दोन बोटं दाखवली. माणसानं हात झटकला आणि म्हशी घेऊन पुढच्या गाडीकडे निघाला.

ज्याच्यापासून हे लपवायचं होतं त्याला ते ठाऊक होतं. क्रमांक दिला तर झुलालला त्यातून काहीच नवं कळणार नव्हतं. पण मग जामपाण्यात कुणीतरी कुवरसिंगला विचारलं असतं, अरे, तू होतास का तो? आणि झुलालला माहीत आहे हेही त्याला कळलं असतं. हे तिला विक्रम सरांना सांगता येण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी त्याचीही टीप केली असती. तेही कामात तिच्यासारखेच होते.

"मृणाली? क्रमांक?"

"नाही, सर."

"नाही म्हणजे? आत्ता तर म्हणालीस क्षेत्रभेटीत आढळलं."

"क्रमांक देता येणार नाही."

मग त्यांचा आवाज समजुतीचा झाला. "बघ, आधार नसलेली शिफारस मी ठेवू शकत नाही. समितीत पहिला प्रश्न तोच येईल. आणि ही संधी गेली तर पुढची तपासणी आणखी पाच-दहा वर्षांनी. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

जळगावची गाडी फाटकातून आत वळली आणि बाकावरची माणसं सामान उचलू लागली. मृणालीनं फॉर्मची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

"उडवा, सर," ती म्हणाली. "आणि हे प्रकरणही नमुना म्हणून देऊ नका. बाकीची चौदा पूर्ण आहेत."